राऊटरमधली पंगत

घरगुती इंटरनेट जोडणीच्या तक्रारींच्या दोन जाती मानाव्या लागतात. पहिलीत नेट गेलेले असते. फायबरमधून प्रकाशाच्या रूपात आलेला संदेश विजेच्या रूपात बदलून देणाऱ्या भिंतीवरच्या डब्याला ओएनटी म्हणतात. त्याचा लाल दिवा लुकलुकत असतो, बाहेर कुठेतरी रस्ता खोदताना किंवा फांदी पडून फायबर तुटलेली असते, आणि तंत्रज्ञाने मीटर लावून मोजलेली 'पॉवर' उणे २७ डीबीएमच्याही खाली गेलेली दिसली की पुढचे काम फक्त जोडकामाचे उरते. दुसऱ्या जातीत नेट असते, दिवे हिरवे असतात, वेग मोजणारे ॲप प्लॅनमधला आकडा बरोबर दाखवते, आणि तरीही घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा 'गेम अडकतेय' म्हणून हटून बसलेला असतो. केबल टीव्हीची जोडणी देणारेच पुढे गल्लोगल्ली इंटरनेट देऊ लागले अशा पुण्यासारख्या शहरात ही दुसरी तक्रार आता रोजची झाली आहे, आणि घरोघर जाऊन राऊटर लावून देणाऱ्याला पहिल्या तक्रारीपेक्षा हीच जास्त वेळ खाते, कारण तिच्यात तुटलेले असे काही दाखवता येत नाही.

येथे ऑनलाइन खेळ म्हणजे पैसे लावून खेळायची रमी अभिप्रेत नाही. वर्तमानपत्री मराठीत दोन्हींना एकच शब्द चालतो, पण २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्यानेही पैशांचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांची ताटे वेगळी वाढली आहेत. अभिप्रेत आहेत ते व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक यांसारखे संगणकावरचे आणि बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे मुलांच्या तोंडचे बीजीएमआय, यासारखे फोनवरचे खेळ, ज्यांत दूरदूरच्या खेळाडूंच्या हालचाली एका सर्व्हरवर एकत्र येतात आणि क्षणाच्या अंशावर हारजीत ठरते. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती नव्याने मांडतो, म्हणजे दोन मांडण्यांमध्ये आठ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ असतो, आणि मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

या व्यवहारात मोजायचे माप म्हणजे पिंग. एक छोटे पॅकेट, म्हणजे माहितीचे पत्ता लिहिलेले पाकीट, समोरच्या संगणकाकडे पाठवायचे आणि त्याचे उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले ते पाहायचे, एवढाच त्याचा अर्थ. माइक मूस या अमेरिकी संशोधकाने १९८३च्या डिसेंबरात हे साधन लिहिले आणि पाणबुडीच्या सोनार यंत्रातून निघणाऱ्या आवाजावरून त्याला नाव दिले. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई अंतर फायबरच्या वळणावाकणांसह दोनशे किलोमीटर धरले, तरी जाण्यायेण्याला लागणारा काळ अवघा दोन मिलिसेकंद होतो, आणि वाटेतल्या यंत्रांचा वेळ मिळवूनही मुंबईतल्या सर्व्हरचा पिंग पुण्यात एक आकडी किंवा फार तर दहा-पंधरा यायला हवा. व्हॅलोरंटचे आणि काउंटर-स्ट्राइकचे सर्व्हर मुंबईत आहेत. तेव्हा पुण्यातल्या एखाद्या घरात याच खेळांचा पिंग नव्वद दिसत असेल, तर त्यातले ऐंशी हे खंडाळ्याच्या घाटात लागलेले नसतात; ते घरात, जिन्यात, गल्लीतल्या पेटीत किंवा पुरवठादाराच्या कार्यालयात, म्हणजे हाकेच्या अंतरावर तयार झालेले असतात. सिंगापूरच्या सर्व्हरची गोष्ट वेगळी आहे, कारण मुंबईहून ते सरळ रेषेतच जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर आहे आणि समुद्रातली केबल श्रीलंकेला वळसा घालून जाते. तिथे पिंग साठच्या खाली आणून देण्याचे आश्वासन कोणी दिले तर तो तंत्रज्ञ नव्हे, विक्रेता समजावा.

ग्राहक मात्र पिंग विकत घेत नाही, तो मेगाबिट विकत घेतो. 'दादा, प्लॅन तर शंभरचा आहे' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते, आणि ते खोटे नसते. पण शंभर मेगाबिट हे रस्त्याच्या रुंदीचे माप आहे, आणि खेळाला रस्ता अरुंदसुद्धा चालतो: हालचालींची माहिती सेकंदाला काही शे किलोबिटच्या आतबाहेरच असते, एका चांगल्या प्रतीच्या चित्रपटाला पाच मेगाबिट लागतात तिथे खेळाचे काम त्याच्या लहानशा हिश्श्यात भागते. त्यामुळे गेम अडकते म्हणून शंभराचा प्लॅन दोनशेचा करणे हे बहुतेक वेळा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या प्रकारातले असते. खेळाचा कटाक्ष रुंदीवर नसून वेळेवर असतो. त्याची पॅकेटे यूडीपी या पद्धतीने जातात, म्हणजे पोच मागितली जात नाही आणि हरवलेले पाकीट परत पाठवले जात नाही, कारण अर्ध्या सेकंदापूर्वी खेळाडू कुठे उभा होता हे आता कळून उपयोग नसतो. यातली काही पाकिटे गहाळ होणे याला पॅकेट लॉस म्हणतात, आणि ती कधी दहा तर कधी सत्तर मिलिसेकंदांनी पोचणे याला जिटर. अनुभव असा की सारखा चाळीस राहणारा पिंग खेळाडूला सवयीने चालतो, पण दहा आणि सत्तर यांत हेलकावणारा पिंग सरासरीने तेवढाच असूनही चालत नाही.

तक्रारीची भाषा नीट ऐकली तर निदान अर्धे तिथेच होते. १९९६ साली क्वेकवर्ल्ड या खेळात जॉन कार्मॅक यांनी सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूची स्वतःची हालचाल त्याच्याच संगणकावर आधी दाखवून टाकण्याची युक्ती रूढ केली, आणि तेव्हापासून सगळेच वेगवान खेळ उशीर असा झाकत आले आहेत. त्यामुळे उशीर उघडपणे उशीर म्हणून दिसत नाही, तो सोंगे घेऊन येतो. 'पळत पुढे जातो आणि रबरासारखा मागे खेचला जातो' असे मुलगा सांगत असेल तर त्याच्या पडद्यावरचे अनुमान आणि सर्व्हरचा निवाडा यांचा मेळ बसत नाही, म्हणजे पॅकेटे गहाळ होत आहेत किंवा अडून राहत आहेत. 'भिंतीमागे गेल्यावर मेलो' असे म्हणत असेल तर बहुधा पिंग स्थिर पण जास्त आहे. आणि 'रात्री नऊनंतरच होतं' असे म्हणत असेल तर मुलाला सोडून घरातल्या इतर माणसांना प्रश्न विचारायची वेळ झालेली असते.

हे प्रश्न विचारण्याआधी एक चाचणी करून दाखवणे सगळ्यांत उपयोगी ठरते, आणि ती घरच्या लोकांसमोर करावी. लॅपटॉप राऊटरला केबलने जोडायचा, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग लावून ठेवायचा आणि आकड्यांच्या ओळी उतरू द्यायच्या: ६, ७, ६, ८, ६. घरात कोणी काही करत नसताना हे आकडे शिस्तीत असतात आणि मुलाचा चेहरा पडतो, कारण आता आपलीच तक्रार खोटी ठरणार असे त्याला वाटते. मग स्वयंपाकघरातून फोन मागवायचा, ज्यात लग्नाचे दोन-तीन व्हिडिओ असतात, आणि ते कुठेतरी ढगात चढवायला लावायचे. उतरवण्याचा वेग शंभर आणि चढवण्याचा वेग दहा मेगाबिट असलेल्या जोडणीवर पुढच्या आठ-दहा ओळींत आकडे ४०, १८०, ३५० करत सातशेच्या पुढे जातात, मधूनच एखाद्या ओळीत उत्तरच येत नाही, आणि व्हिडिओ चढवणे थांबवले की दोन सेकंदांत पुन्हा ६, ७, ६. वेग मोजणारे ॲप हे कधीच दाखवत नाही, निदान ठळकपणे तरी नाही, कारण ते रस्ता रिकामा असतानाचा पिंग आधी मोजून घेते आणि मग रस्ता भरते.

हे सातशे मिलिसेकंद कुठून आले, याचा हिशेब कागदावर करता येतो. राऊटर किंवा ओएनटी यांच्याकडे, पुढचा रस्ता मोकळा होईपर्यंत पॅकेटे थांबवून ठेवायला थोडी स्मृती असते, तिला बफर म्हणतात. हा बफर एक मेगाबाइटचा असेल तर त्यात आठ मेगाबिट मावतात, आणि सेकंदाला दहा मेगाबिट बाहेर पडत असतील तर भरलेली रांग रिकामी व्हायला आठशे मिलिसेकंद लागतात. त्या रांगेच्या शेपटाला येऊन उभे राहिलेले खेळाचे इवलेसे पॅकेट स्वतः काही बाइटचे असले तरी त्याला लग्नाच्या व्हिडिओचे सगळे तुकडे पुढे जाईपर्यंत थांबावेच लागते. प्लॅन शंभरचा असणे याच्या आड येत नाही. रांग ज्या तोंडाशी लागते ते तोंड दहाचे असते.

रांगेचा हा आजार जुना आहे आणि त्याच्या इतिहासात एक विनोदी वळण आहे. १९८६च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कलीची प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यामधल्या, जेमतेम चारशे यार्डांच्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. गर्दीत सगळेच संगणक हरवलेली पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवून गर्दी वाढवत होते. संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो उपाय काढला, त्यात पाठवणाऱ्याने वेग हळूहळू वाढवत न्यायचा आणि पॅकेट हरवले की गर्दी झाली असे समजून हात आखडता घ्यायचा, अशी रीत होती. ती रीत जगभर चालली. पण पुढे स्मृती स्वस्त झाली, यंत्रे बनवणाऱ्यांनी पॅकेट हरवू नये म्हणून बफर मोठे मोठे करत नेले, आणि पॅकेट हरवतच नाही म्हटल्यावर पाठवणाऱ्यांना थांबण्याची खूणही मिळेनाशी झाली. २०१०च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना स्वतःच्या घरच्या जोडणीवर हा अजब उशीर आढळला, त्यांनी त्याचा छडा लावला आणि या फुगलेल्या बफरला बफरब्लोट हे नाव पडले. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि त्याच जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली: रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ तिष्ठत आहे हे पाहायचे, आणि तो वेळ हटून जास्त राहू लागला की एखादे पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचे, म्हणजे पाठवणारा शुद्धीवर येतो. पॅकेट वाचवण्यासाठी केलेली सोय पॅकेट टाकून निस्तरावी लागली.

कोडेलच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आली, तिचे वर्णन पंगतीच्या भाषेत केले तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एका वाक्यात कळते. साधा राऊटर पुरवठ्याच्या दारात एकच ओळ लावतो, आणि ज्याने पुढे जाऊन दहा पातेली भरायला घेतली त्याची भरेपर्यंत वाटीभर आमटी हवी असलेले पोर मागे उभे राहते. नव्या पद्धतीत पंगत बसवतात: प्रत्येक प्रवाहाला, मग तो व्हिडिओ असो, आईची कार्यालयीन बैठक असो की खेळ, स्वतःचे पान मिळते, वाढपी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाला थोडे थोडे वाढत फिरतो, आणि ज्याचे पान रिकामेच असते, ज्याला एखादाच घास हवा असतो, त्याला आधी वाढून मोकळे करतो. खादाड प्रवाहाचे पोट भरतेच, फक्त त्याच्या ताटामागे कोणी तिष्ठत नाही. एफक्यू-कोडेल या नावाने ही पद्धत २०१२ सालीच लिनक्समध्ये आली, तिची पुढची सुधारलेली आवृत्ती केक २०१८मध्ये, आणि ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त प्रणाली घातलेल्या यंत्रांवर दोन्ही एका पानावर निवडता येतात.

मात्र वाढप्याच्या हाती पळी असेल तरच पंगत चालते, आणि येथेच या कामातला सर्वांत अवघड प्रसंग येतो. रांग ओएनटीत किंवा पुरवठादाराच्या यंत्रात लागत असेल तर घरच्या राऊटरमधला वाढपी रिकामाच बसतो. म्हणून राऊटरला प्लॅनपेक्षा थोडा कमी वेग नेमून द्यावा लागतो, मोजलेल्या प्रत्यक्ष वेगाच्या पंच्याऐंशी ते पंच्याण्णव टक्के, म्हणजे रांग लागलीच तर ती आपल्या ताब्यातल्या दाराशी लागते. थोडक्यात, गेम सुधारावी म्हणून नेट मुद्दाम हळू करायचे. महिन्याला पैसे मोजणाऱ्या गृहस्थाला हे पटवणे राऊटर लावण्यापेक्षा कठीण असते. शंभरातले पंधरा तंत्रज्ञाने खिशात घातले अशा नजरेने तो बघतो, आणि त्याचे तसे बघणे अगदीच गैरही नाही, कारण आजवर वेगाचा आकडा हीच एक गोष्ट त्याला शिकवली गेली आहे. अशा वेळी बोलण्यात वेळ न घालवता मघाचीच चाचणी पुन्हा करावी: तोच लॅपटॉप, तोच फोन, तेच व्हिडिओ, आणि काळ्या खिडकीत आता ८, ९, ८, ११, ९. पंधराचा विषय तिथे संपतो, निदान त्या दिवसापुरता तरी.

या उपायाला यंत्राची मर्यादा आहे, ती लपवू नये. प्रत्येक पॅकेट तपासून पाळी लावणे हे राऊटरच्या प्रोसेसरचे काम आहे; एरवी हार्डवेअरच्या आडवाटेने सुसाट जाणारी पॅकेटे आता त्याच्या हाताखालून जातात, आणि स्वस्त, जुना प्रोसेसर तीनशे मेगाबिटच्या जोडणीवर धापा टाकू लागतो. पुरवठादाराने फुकट दिलेल्या डब्यात तर ही सोय बहुधा नसतेच. तिथे 'क्यूओएस' या नावाखाली एक यादी असते, जिच्यात मुलाच्या संगणकाला 'उच्च' आणि बाकीच्यांना 'मध्यम' प्राधान्य देता येते. त्यातही वेगाची मर्यादा लिहायला जागा असेल तर ती भरावी, नसेल तर ते प्राधान्य बरेचसे कागदावरच राहते, कारण वेग न आखता दिलेल्या प्राधान्याला ज्या दाराशी रांग आहे त्या दारावर अधिकार नसतो. आठ अँटेना आणि लाल दिवे असलेले 'गेमिंग राऊटर' बाजारात मिळतात, त्यांतल्या काहींचा प्रोसेसर खरोखर दमदार असतो, पण पैसे प्रोसेसरसाठी मोजले की दिव्यांसाठी हे खोक्यावरून कळत नाही. ज्यांना नवा राऊटर घ्यायचाच नाही त्यांच्यासाठी साधा मार्ग उरतो: खेळ उतरवून घेणाऱ्या स्टीमसारख्या कार्यक्रमांतली डाउनलोडची मर्यादा आखून द्यायची आणि फोनमधले फोटो चढवण्याचे काम रात्री दोनला लावायचे. यात तंत्र कमी आणि घरातला समजूतदारपणा जास्त लागतो, त्यामुळे त्याची हमी देता येत नाही.

परदेशी मार्गदर्शिकांतला पहिला सल्ला असतो वायफाय सोडा, केबल लावा. तो सल्ला बरोबर आहे आणि संगणक वा कन्सोल असेल तर बिनदिक्कत पाळावा. बारा-पंधरा मीटर लॅन केबल दाराच्या चौकटीवरून क्लिपा मारून नेली की निम्म्या तक्रारी संपतात, घराच्या शोभेची तक्रार तेवढी नवी निघते. पण इकडे बहुसंख्य मुले फोनवर खेळतात, आणि फोनला केबल लावून हातात धरून खेळणे कोणाला रुचत नाही, तेव्हा वायफायशीच गाठ पडते. वायफायचा मूळ स्वभाव असा की हवा एकच असते आणि एका वेळी एकानेच बोलायचे असते. प्रत्येक यंत्र आधी कान देऊन ऐकते, शांतता असेल तरच बोलते, आणि शेजारच्या चार घरांचे राऊटर त्याच पट्ट्यात बोलत असतील तर ही शांतता मिळेपर्यंत थांबते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. सिंहगड रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत फोनवर वीस-पंचवीस नेटवर्कांची नावे दिसतात, ती सगळी या तीन ओसऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली असतात. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गोंगाट करतो, आणि कानातले ब्लूटूथ इअरफोनही त्याच पट्ट्यातले, हे खेळणाऱ्या मुलाच्या गावीही नसते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस आहे. २०१८च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने त्यातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झ भाग परवान्याविना वापरायला खुला केला. परंतु त्या लहरी भिंतींना भितात. येथे पुण्याची दोन पुणे होतात. नव्या फ्लॅटमध्ये राऊटर हॉलमध्ये टीव्हीमागे आणि मुलगा आतल्या खोलीत असतो, मधे एक-दोन भिंती आणि बहुतेक वेळा नेमके एक लोखंडी कपाट येते. राऊटर टीव्हीमागून काढून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर मोकळ्यावर ठेवला की काम होते. पेठांतल्या उरल्यासुरल्या वाड्यांत मात्र माती-विटांच्या हात-दीड हात जाड भिंती असतात आणि तिथे ५ गिगाहर्ट्झची रेंज उंबरा ओलांडत नाही. अशा घरात दुसरा राऊटर केबलने नेऊन खेळायच्या खोलीतच बसवावा लागतो. बिनतारी रिपीटर लावून भागवण्याचा मोह होतो, पण तो प्रत्येक वाक्य ऐकून पुन्हा उच्चारणाऱ्या दुभाष्यासारखा असल्याने रेंज पूर्ण दिसते आणि पिंग हेलकावे खातो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देण्याची सोय राऊटरमध्ये चालू असते, ती बंद करून ५ गिगाहर्ट्झला वेगळे नाव द्यावे, म्हणजे फोन डाव ऐन रंगात असताना स्वतःच्या मनाने २.४वर उडी मारत नाही.

उरली दाराची गोष्ट. घरातल्या सगळ्या यंत्रांना १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात आणि बाहेरच्या जगासाठी घराचा पत्ता एकच असतो. या पत्त्यांची अदलाबदल करणाऱ्या व्यवस्थेला एनएटी म्हणतात. ती सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखी असते: फ्लॅटमधून कोणी मागवलेले सामान आत सोडते, आगंतुकाला अडवते. खेळाडूंना एकमेकांशी थेट जोडणाऱ्या खेळांत आणि कन्सोलवरच्या आवाजी गप्पांत हे अडवणे नडते, आणि मग एक्सबॉक्स 'स्ट्रिक्ट' किंवा प्लेस्टेशन 'टाइप ३' असा शेरा मारतो. सर्वांत वारंवार सापडणारे कारण म्हणजे दोन वॉचमन: पुरवठादाराचा ओएनटी स्वतः एनएटी करतो आणि ग्राहकाने आणलेला नवा राऊटर त्यामागे पुन्हा तेच करतो. ओएनटीला ब्रिज म्हणजे केवळ पूल करून त्याच्यातले जोडणीचे नाव व पासवर्ड नव्या राऊटरमध्ये घातले की हा गुंता सुटतो. फक्त पुरवठादाराने जुन्या डब्याचा यंत्रक्रमांक बांधून ठेवलेला असेल तर तो सोडवायला कार्यालयात फोन करावा लागतो, आणि रविवारी तो कोणी उचलत नाही.

त्यानंतरही शेरा बदलला नाही तर राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर पुरवठादाराने सगळ्या वस्तीला मिळून आणखी एक फाटक बसवले आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच, आशिया-पॅसिफिक विभागाचा मुक्त साठा २०११च्या एप्रिलात आटला, आणि २०१२ साली हा पट्टा खास या सामायिक फाटकासाठी राखून ठेवला गेला. घरच्या राऊटरमध्ये कितीही दारे, म्हणजे पोर्ट, उघडली तरी या बाहेरच्या फाटकाला त्याचा पत्ता नसतो. उपाय दोनच: जादा पैसे भरून स्वतंत्र स्थिर पत्ता घेणे, किंवा पुरवठादाराकडे असेल तर आयपीव्ही६ सुरू करून घेणे, ज्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही. मात्र व्हॅलोरंटसारख्या, प्रत्येकजण कंपनीच्या सर्व्हरशीच बोलतो अशा खेळांना या दारांशी काही देणेघेणे नसते, आणि त्यांच्यासाठी पोर्ट उघडत बसलेले बाप-लेक पाहिले की वाईट वाटते. लागणारे पोर्ट यंत्रालाच मागून घेऊ देणारी यूपीएनपी ही सोय कन्सोल असेल तर चालू ठेवावी, नसेल तर बंद. एखाद्या यंत्राला सगळी दारे सताड उघडून देणारा डीएमझेड कोणी सुचवला तर तो ऐकू नये. आणि राऊटरचा मूळचा ॲडमिन-ॲडमिन हा पासवर्ड बदलल्याशिवाय घर सोडू नये, कारण २०१६ साली मिराई या घातक प्रणालीने लाखो यंत्रे अशाच न बदललेल्या पासवर्डांवर ताब्यात घेतली होती.

डीएनएस बदलला की पिंग कमी होतो हा समज मुलांमध्ये फार पसरलेला आहे. डीएनएस ही नावावरून पत्ता शोधून देणारी वही आहे, आणि पत्ता सापडल्यावर प्रवासाला लागणारा वेळ वही कोणती होती यावर अवलंबून नसतो. घरातले सगळे नीट असूनही पिंग जास्तच राहिला तर वाटेतला एकेक टप्पा दाखवणारा ट्रेसराउट चालवावा, आणि त्यात मुंबईचा सर्व्हर गाठायला पॅकेट आधी चेन्नईला किंवा थेट देशाबाहेर जाऊन येताना दिसले तर तो दोष राऊटरच्या पलीकडचा, पुरवठादाराच्या करारांतला असतो. त्या ओळींचे छायाचित्र काढून पुरवठादाराला पाठवावे. कधीकधी ते वाचले जाते.

काम संपताना दोन किरकोळ गोष्टी राहतात. ओएनटी आणि राऊटर या दोन्हींना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावणे, कारण दोन सेकंदांसाठी लाईट गेली तरी डबे पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटे घेतात आणि तेवढ्यात डाव गेलेला असतो. एकालाच लावून दुसरा विसरला तर पैसे फुकट. आणि दुसरी, राऊटरच्या बुडाला एक कागद चिकटवणे, ज्यावर तारीख, जोडणीचे नाव, दोन्ही वायफायची नावे आणि आखून दिलेली वेगमर्यादा लिहिलेली असते: उतरता ८५, चढता ८.५. सहा-आठ महिन्यांनी त्याच घरातून फोन येतो. गेमची तक्रार नसते. गृहस्थांनी दिवाळीच्या योजनेत प्लॅन दोनशेचा करून घेतलेला असतो आणि ॲप अजून पंच्याऐंशीच दाखवत असते. पुरवठादाराच्या माणसाने येऊन फायबरची पॉवर तपासलेली असते, ओएनटी बदललेला असतो, एकदा राऊटर मूळ स्थितीवर आणायचीही भाषा झालेली असते. तंत्रज्ञ फोनवरच राऊटर उचलून खाली बघायला सांगतो. कागद तिथे नसतो. उन्हाळ्याच्या उष्णतेने डिंक सुटून तो टीव्हीच्या कपाटामागे पडलेला असतो, आणि तो शोधायला मुलालाच आडवे झोपून हात घालावा लागतो.